पॅरिसमध्ये आठ दिवसांचे बिऱ्हाड

परगावी हॉटेलात उतरणे आणि परगावी बिऱ्हाड करणे यांत खर्चाचे अंतर आहे असे पुष्कळांना वाटते, आणि चार-पाच माणसांच्या कुटुंबाने हॉटेलातील दोन खोल्यांचे भाडे व दोन वेळच्या बाहेरच्या जेवणाचा हिशेब मांडला तर तसे अंतर निघतेही. परंतु ज्याने दोन्ही अनुभव घेतले आहेत त्याला ठाऊक असते की खरे अंतर जबाबदारीचे आहे. हॉटेलातील पाहुण्याच्या दिमतीला माणसे असतात. त्याने सांडलेले पाणी कोणीतरी पुसतो, त्याची हरवलेली किल्ली कोणीतरी बदलून देतो, आणि खोलीत उकाडा झाला तर त्याची तक्रार ऐकून घेण्यासाठी तळमजल्यावर रात्रभर कोणीतरी जागा असतो. बिऱ्हाडकरूचे तसे नाही. ज्यांना उद्या सकाळी कामावर जायचे आहे अशा माणसांच्या भिंतीला भिंत लावून तो राहतो. त्या इमारतीचे जिने, नळ, दारे आणि रिवाज हे सारे आठ दिवसांपुरते त्याचे होतात, आणि त्यांविषयीच्या अज्ञानाचा भुर्दंडही त्यालाच सोसावा लागतो.

अशा बिऱ्हाडाची निवड कशी करावी हे सांगण्यासाठी मी पॅरिसचे उदाहरण घेतले आहे. युरोपच्या पहिल्या प्रवासास निघालेल्या मराठी कुटुंबाच्या यादीत हे शहर बहुधा असतेच, हे एक कारण; आणि या शहराचा बराच मोठा भाग एकाच कालखंडात, एकाच शिस्तीने बांधला गेल्यामुळे बाहेरून इमला पाहून आतल्या घराचे गुणदोष पुष्कळ अंशी सांगता येतात, हे दुसरे व अधिक महत्त्वाचे. जाहिरातीतील छायाचित्र घराचे असते. राहावे मात्र इमारतीत लागते. ही एक गोष्ट मनात पक्की ठसली की पुढची बहुतेक चौकशी आपोआप सुचत जाते.

प्रथम नकाशा. पॅरिसचे क्षेत्रफळ अवघे १०५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या एक चतुर्थांशाहूनही कमी, आणि त्यातही पूर्वेकडील व्हँसेन व पश्चिमेकडील बुलोन्य ही दोन विस्तीर्ण वने येऊन जातात. उरलेल्या जागेत सुमारे एकवीस लाख माणसे राहतात. १ जानेवारी १८६० रोजी भोवतालची खेडी शहरात सामील करून घेण्यात आली आणि शहराचे वीस प्रभाग पाडण्यात आले, ज्यांना तेथे आरोंदिसमाँ म्हणतात. त्यांचे क्रमांक मध्यभागातून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, गोगलगायीच्या शंखाप्रमाणे, बाहेर उलगडत जातात. पिन कोडाचे शेवटचे दोन अंक हाच प्रभागाचा क्रमांक असतो: ७५००५ म्हणजे पाचवा, ७५०१८ म्हणजे अठरावा. ज्या जाहिरातीतील पिन कोड ७५ ने सुरू होत नाही ते घर, जाहिरातदार काहीही म्हणो, पॅरिस शहरात नाही; ते १९७३ साली पुऱ्या झालेल्या पस्तीस किलोमीटर लांबीच्या वर्तुळाकार महामार्गापलीकडील उपनगरात आहे. उपनगरात राहणे वाईट असे मुळीच नाही, पण त्याची जाणीव इसार देण्यापूर्वी झालेली बरी.

पत्त्यातील घर क्रमांकही बोलका असतो. १८०५ पासून चालत आलेल्या पद्धतीनुसार सीन नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांवर क्रमांक नदीच्या बाजूने सुरू होतात, आणि नदीला समांतर जाणाऱ्या रस्त्यांवर ते प्रवाहाच्या दिशेने वाढत जातात. तेव्हा एखाद्या लांब रस्त्यावरील ७ क्रमांकाचे घर आणि त्याच रस्त्यावरील २१० क्रमांकाचे घर यांचे रस्त्याचे नाव एक असले तरी त्यांच्या शेजारात जमीनअस्मानाचे अंतर असू शकते; आणि जाहिरातीत केवळ रस्त्याचे नाव देऊन क्रमांक झाकला असेल तर तो मागून घ्यावा.

घर भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून किती जवळ आहे हा प्रश्न आपले लोक सर्वांत आधी विचारतात, परंतु पॅरिसपुरता तो फारसा निर्णायक नाही. १९ जुलै १९०० रोजी पहिला मार्ग सुरू झालेल्या या मेट्रोची स्थानके इतकी दाट आहेत की सरासरी अर्ध्या किलोमीटरवर एखादे भेटतेच. विचारायचे ते असे की स्थानक कोणत्या मार्गावर आहे आणि तेथे उतरण्या-चढण्याची सोय काय. जुन्या मार्गांवरील बहुसंख्य स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट नाही. १९९८ साली सुरू झालेला चौदावा मार्ग मात्र पहिल्यापासून चाकाच्या खुर्चीचाही विचार करून बांधलेला आहे, आणि जून २०२४ पासून तो दक्षिणेकडील ऑर्ली विमानतळापर्यंत जातो. बरोबर वृद्ध आईवडील किंवा बाबागाडीतले मूल असेल तर या एका मार्गाच्या आसपास घर शोधणे म्हणजे आठ दिवसांचे अर्धे कष्ट वाचवणे होय. भारतातून येणारी बहुतेक विमाने ज्या शार्ल द गोल विमानतळावर उतरतात तेथून येणारी उपनगरी रेल्वेची ‘बी’ शाखा गार द्यु नोर, शातले, साँ-मिशेल व दाँफेर-रोशरो या स्थानकांवरून शहर ओलांडते. सामानाच्या चार बॅगा घेऊन गाडी बदलण्याचा प्रसंग टाळायचा असेल तर या रेषेवर नजर ठेवावी. दुसऱ्या व सहाव्या मार्गाचा काही भाग रस्त्याच्या वरून, खांबांवरून धावतो. त्या भागातील तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून गाडी पाहताना मुलांना आनंद होतो, पण झोप हलकी असणाऱ्याने तेथे राहू नये. आणखी एक बारीकशी बाब: प्रवासाचा साप्ताहिक पास कोणत्याही दिवशी काढला तरी सोमवार ते रविवार एवढाच चालतो, म्हणून मुक्काम सोमवारी सुरू करता आला तर पैसे वाचतात.

वस्ती कोणती निवडावी याविषयी मतभेद राहणारच. मी माझे मत स्पष्टपणे सांगतो. आयफेल मनोऱ्याच्या सावलीत घर घेण्याचा हव्यास सोडावा. मनोरा पाहायला एक संध्याकाळ पुरते, आणि त्या सातव्या प्रभागात कचेऱ्या व वकिलाती पुष्कळ आणि रोजच्या जीवनाची वर्दळ त्या मानाने विरळ. मोंमार्त्रची टेकडी सुंदर आहे, परंतु ती सुमारे १३० मीटर उंच आहे, आणि दिवसभर पायपीट करून आलेल्या माणसाला रात्री ती चढण नकोशी होते. कुटुंबासाठी मला अकरावा प्रभाग आणि बाराव्याचा पश्चिमेकडील भाग अधिक मानवतो. तेथे बास्तीलच्या जवळ रिशार-लनुआर या रुंद रस्त्यावर गुरुवारी व रविवारी बाजार भरतो, आलिग्रच्या मंडईत सोमवार वगळता रोज भाजी मिळते, आणि पावाची दुकाने हाकेच्या अंतरावर असतात. ऑगस्टात मात्र यांपैकी अनेक दुकानदार रजेवर जातात, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना आठ दिवसही आमटीभातावाचून काढवत नाहीत त्यांच्यासाठी दहाव्या प्रभागाचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेले ला शापेल आहे, जेथे फोबूर साँ-दनी या रस्त्यावर श्रीलंकेतून आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांच्या दुकानांत कढीपत्ता, नारळ, डाळी सारे काही मिळते. तेथून जवळच, अठराव्या प्रभागातील पाजोल रस्त्यावर, १९८५ साली स्थापन झालेले माणिक विनायकाचे देवालय आहे; गणेशचतुर्थीच्या सुमारास त्याचा रथ रस्त्यावरून निघतो आणि पॅरिसच्या फरसबंदीवर नारळांच्या राशी फुटतात. पुण्याहून वा गिरगावातून गेलेल्या माणसाला त्या दिवशी तेथे उभे राहून जे वाटते ते वेगळे सांगायला नको. वस्ती गजबजलेली आहे, रस्ते नेहमीच स्वच्छ असतात असे नाही, परंतु गाड्यांची सोय उत्कृष्ट आहे.

आता इमारतीकडे वळू, कारण या विषयाचे मर्म तेथे आहे. १८५३ ते १८७० या काळात तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने सीन प्रांताचा प्रीफे, म्हणजे आपल्या परिभाषेत जिल्हाधिकारी, असलेल्या ओस्मानने जुन्या गल्ल्या पाडून रुंद हमरस्ते काढले, आणि त्यांच्या दुतर्फा ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांचा साचा आज पॅरिसचा चेहरा म्हणून जगाला ओळखीचा आहे: घडीव दगडाचा दर्शनी भाग, दुसऱ्या व पाचव्या मजल्यावर सलग धावणारे लोखंडी कठड्याचे सज्जे, आणि वर जस्ताच्या पत्र्याने मढवलेले उतरते छप्पर. लिफ्टपूर्वीच्या त्या काळी मजल्यागणिक प्रतिष्ठा बदलत असे. धनिक कुटुंब दुसऱ्या मजल्यावर राही, कारण तेथे रस्त्याची धूळ व वर्दळ पोहोचत नसे आणि जिनाही बेताचा असे. जसजसे वर जावे तसतशा खोल्या बुटक्या व भाडेकरू गरीब होत, आणि अगदी शेवटी, छपराच्या पोटात, मोलकरणींच्या खोल्या असत, जेथे जाण्यासाठी मागच्या बाजूने वेगळा अरुंद जिना ठेवलेला असे.

या इतिहासाचे ओझे आजचा प्रवासी अक्षरशः आपल्या खांद्यावर वाहतो. ज्या खोलीत दीडशे वर्षांपूर्वी दासी निजत असे तीच आज ‘पॅरिसच्या छपरांचे मनोहर दर्शन’ या शब्दांनी वर्णिली जाऊन भाड्याने दिली जाते, आणि जिना मात्र तोच असतो. मजले मोजण्याची फ्रेंच पद्धत आपल्यासारखीच, तळमजला सोडून वर एकपासून. तेव्हा सहावा मजला म्हणजे खरोखर सहा जिने चढणे. लिफ्ट असली तरी ती पुष्कळदा जिन्याच्या मधल्या पोकळीत मागाहून बसवलेली असते, तिच्यात दोन माणसे कशीबशी उभी राहतात आणि मोठी बॅग घेतली तर एकच; शिवाय काही इमारतींत ती अखेरच्या मजल्याच्या एक मजला खालीच थांबते.

सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन मी प्रथम या शहरात गेलो तेव्हा आमचे घर सहाव्या मजल्यावर होते. जाहिरातीत मजल्याचा उल्लेख होता, लिफ्टचा नव्हता, आणि जे लिहिलेले नाही ते असणारच असे मी गृहीत धरले. एकशे सतरा पायऱ्या होत्या. पहिल्या दिवशी वर पोहोचल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “बाळ, मी दिवसातून एकदाच उतरेन. सकाळी खाली गेलो की संध्याकाळीच वर येऊ.” त्या आठ दिवसांत दुपारची विश्रांती तिने बागेतल्या बाकांवर घेतली. ती कुरकुरली नाही, म्हणूनच मला ते अधिक लागले. तेव्हापासून घर पाहताना मी पहिला प्रश्न विचारतो तो पायऱ्यांचा, आणि ‘लिफ्ट आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकंदर किती पायऱ्या चढाव्या लागतात’ असा तो विचारतो, कारण पुष्कळ इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठीही पाचसहा पायऱ्या असतातच.

वरच्या मजल्याचा दुसरा दोष उन्हाळ्याचा. पॅरिसच्या जस्ती छपरांची कारागिरी इतकी विख्यात आहे की डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले; परंतु तोच पत्रा जुलैत तापला की खालची खोली भट्टीसारखी होते, आणि वातानुकूलन या शहरातील घरांत विरळाच असते. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये पारा ४२.६ अंशांवर गेला. त्यापूर्वी २००३ च्या ऑगस्टात आलेल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते, आणि छपराखालच्या खोलीत राहणे हे धोका वाढवणारे एक कारण असल्याचे पुढच्या अभ्यासांत आढळले. ‘आम्हाला नागपूरचा उन्हाळा ठाऊक आहे’ असे म्हणून ही गोष्ट उडवून लावू नये. नागपुरात पंखा असतो, कूलर असतो, जाड भिंत असते, आणि जूनअखेर रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड रेंगाळत नाही. जून ते ऑगस्ट या काळात जायचे असेल तर दुसरा, तिसरा किंवा चौथा मजला, आणि खिडक्यांना बाहेरून लागणाऱ्या लाकडी झडपा, या दोन गोष्टींचा आग्रह धरावा.

खोल्यांची गणना हा घोटाळ्याचा आणखी एक उगम. आपल्याकडे ‘वन बीएचके’ म्हटले की निजण्याची एक खोली, दिवाणखाना व स्वयंपाकघर असा अर्थ होतो. फ्रेंच गणनेत स्वयंपाकघर व न्हाणीघर धरत नाहीत, पण दिवाणखाना धरतात, त्यामुळे ज्याला ते दोन खोल्यांचे घर म्हणतात, किंवा संक्षेपाने ‘टी-दोन’, ते आपले वन बीएचके होय. दोन शयनगृहे हवी असतील तर ‘टी-तीन’ मागावे. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असते. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट, तेव्हा ३० चौरस मीटरचे घर सुमारे ३२३ चौरस फुटांचे ठरते, आणि सव्वातीनशे फुटांत पाच माणसे व त्यांच्या पाच बॅगा कशा मावतील याचे चित्र मुंबईकराला काढून दाखवावे लागत नाही. तेथे १.८० मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग अधिकृत क्षेत्रफळात धरत नाहीत, ही मोजणीची चांगली पद्धत आहे. मात्र जाहिरातीतील आकडा त्या पद्धतीचा आहे की उतरत्या छपराखालचे कोनेकोपरेही त्यात मोजले आहेत, याची खातरजमा करावी. ‘सहा जणांची सोय’ या शब्दांत बहुधा दोघांची सोय दिवाणखान्यातील उलगडत्या सोफ्यावर आणि आणखी दोघांची शिडीने चढायच्या माळ्यावर केलेली असते. पलंग किती व त्यांची रुंदी किती सेंटीमीटर, हे विचारण्यात संकोच कसला?

न्हाणीघराविषयी मराठी वाचकाला थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथे आपली सवय आणि त्यांचे बांधकाम यांचा सरळ विरोध आहे. पॅरिसच्या घरात मोरी नसते. न्हाणीघराच्या जमिनीला पाणी वाहून नेणारे भोक नसते. पाणी टबाच्या किंवा शॉवरच्या तबकडीच्या आतच राहिले पाहिजे, आणि बाहेर सांडलेले पाणी फरशीच्या सांध्यांतून जुन्या लाकडी तुळयांत मुरत जाऊन खालच्या घराच्या छतावर डागाच्या रूपाने प्रकट होते. मग विम्याची कागदपत्रे, शेजाऱ्याची तक्रार आणि अनामत रकमेतून कपात असे प्रकरण वाढत जाते. तांब्याने अंगावर पाणी घेण्याची ज्येष्ठांची सवय असेल तर टबात बसूनच ते करावे लागेल हे त्यांना निघण्यापूर्वी समजावून सांगावे, आणि टबाचा काठ ओलांडणे त्यांना जमेल का याचाही विचार करावा. गरम पाणी बहुतेक घरांत विजेच्या टाकीतून येते, जी स्वस्त दराच्या वेळी, बहुधा रात्री, तापते आणि एकदा रिकामी झाली की पुन्हा तापायला कित्येक तास घेते. पन्नास लिटरची टाकी एकट्या माणसाची, चौघांना दोनशे लिटर, असा तेथील ठोकताळा आहे. जाहिरातीत टाकीचा आकार कधीच नसतो. पाचव्या माणसाला थंड पाण्याने अंघोळ करावी लागते तेव्हा तो कळतो.

स्वयंपाकघर तसे नीटनेटके असते, परंतु शेगडी बहुधा विजेची, आणि त्यातही अलीकडे इंडक्शनची. घरून जपून नेलेला अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटेल असेच भांडे तिला चालते. फोडणीचा धूर ओढणारा पंखा आहे का, असल्यास तो हवा बाहेर सोडतो की नुसती गाळून आतच फिरवतो, हे विचारून घ्यावे, कारण मिरचीची खमंग फोडणी ज्या घरात कोंडते तेथे तिचा वास पडद्यांना पुढच्या भाडेकरूपर्यंत पुरतो.

पॅरिसची इमारत सहसा एका चौकाभोवती बांधलेली असते. रस्त्याकडच्या खोल्यांना उजेड व दृश्य मिळते, चौकाकडच्या खोल्यांना शांतता. आपल्या वाड्यांतील दर्शनी माडी आणि माजघर यांच्यात जो भेद असे तसाच हा. मी स्वतः चौकाकडचे घर पसंत करतो, मात्र ते दुसऱ्या मजल्याच्या वर असावे, कारण खाली चौकात ऊन क्वचितच उतरते आणि कचऱ्याचे डबेही तेथेच ठेवलेले असतात. अकराव्या प्रभागातील ओबेरकांफ किंवा लाप या रस्त्यांवर मद्यगृहांची रांग आहे. तेथे रस्त्याकडची खिडकी घेणाऱ्याने पहाटे दोनपर्यंत जागण्याची तयारी ठेवावी. आणि ध्वनी दोन्ही दिशांनी जातो हेही विसरू नये. लाकडी जमिनीवरून ओढलेली बॅग, रात्री अकराला फिरवलेला मिक्सर, जिन्यातली मोठ्याने चाललेली बातचीत, हे सारे खालच्या माणसाच्या उशापर्यंत पोहोचते. रात्री दहा ते सकाळी सात ही तेथे शांततेची वेळ मानतात.

रस्त्यावरचे मोठे दार अंकी संकेत दाबून उघडते. तो संकेत घरातील प्रत्येकाने पाठ करावा, नुसता फोनमध्ये ठेवू नये. घराचे आतले दार पुष्कळदा असे असते की ओढून घेतले की बाहेरून किल्लीवाचून उघडत नाही. रात्री कुलूपवाल्याला बोलावण्याचा खर्च दोन दिवसांच्या भाड्याइतका होऊ शकतो, म्हणून दुसरी किल्ली कोणाजवळ असते व तो माणूस किती दूर राहतो, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

राहिली कागदपत्रे. फ्रेंच कायद्यात आगाऊ रकमेचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत करणे महागात पडते. ‘आर’ हा प्रकार म्हणजे तंतोतंत आपला इसार: १८०४ च्या नागरी संहितेचे कलम १५९० असे सांगते की देणाऱ्याने माघार घेतली तर त्याने तो गमवावा, आणि घेणाऱ्याने माघार घेतली तर त्याने दुप्पट परत करावा. दुसरा प्रकार ‘अकाँत’, म्हणजे भाड्याचाच पहिला हप्ता. तो दिला की सौदा दोन्ही पक्षांवर बंधनकारक होतो आणि माघार घेणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते. करारनाम्यात कोणता शब्द आहे ते पाहावे. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा व्हिसा नाकारला गेल्यास रक्कम परत मिळेल अशी अट लेखी असल्याखेरीज पैसे भरू नयेत, आणि ज्या व्यवहारात मालक जाहिरातीच्या संकेतस्थळाबाहेर, थेट बँकेत रक्कम पाठवण्याचा तगादा लावतो तो व्यवहार तेथेच थांबवावा. घराचा ताबा घेताना ‘एता दे ल्यू’ नावाचे टिपण करतात, तो घराच्या स्थितीचा पंचनामाच होय. फुटलेला कप, जमिनीवरचा ओरखडा, गळका नळ, सारे त्यात नोंदवून, दिनांकासह छायाचित्रे काढून, दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. प्रवाशांवरील मुक्काम-कर वेगळा आकारला जातो. अठरा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे.

आणि शेवटी नोंदणी क्रमांक, ज्याला मी या सर्वांहून अधिक महत्त्व देतो. १ डिसेंबर २०१७ पासून पॅरिसमध्ये प्रवाशांना घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने जाहिरातीत महानगरपालिकेचा तेरा अक्षरांचा क्रमांक छापणे आवश्यक आहे. त्याचे पहिले पाच अंक प्रभाग सांगतात, पिन कोडाहून थोड्या निराळ्या रीतीने: ७५११८ म्हणजे अठरावा प्रभाग. पत्ता एका प्रभागाचा आणि क्रमांक दुसऱ्याचा असेल तर काहीतरी लपवले जात आहे असे समजावे. मालक वर्षातील किमान आठ महिने जेथे स्वतः राहतो असे घर तो प्रवाशांना वर्षाकाठी १२० रात्रीच देऊ शके. १ जानेवारी २०२५ पासून शहराने ती मर्यादा ९० रात्रींवर आणली. जेथे तो राहत नाही असे घर द्यायचे तर वापर-बदलाचा परवाना लागतो, आणि तो न घेता धंदा करणाऱ्यास एक लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवाशाला दंड होत नाही हे खरे. पण तपासनीस दाराशी आले, किंवा मालकाने घाबरून ऐनवेळी सौदा मोडला, तर परक्या शहरात सामानासह रस्त्यावर उभे राहण्याची वेळ प्रवाशावरच येते.

हा कायदा का करावा लागला तेही वाचकाने जाणावे. मारे नावाच्या भागात आणि नदीतील बेटांवर जसजसे एकेक घर प्रवाशांच्या वापराखाली गेले, तसतशी तेथे राहून तेथेच काम करू पाहणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, दुकानांतले नोकर यांना जागा मिळेनाशी झाली आणि ती मंडळी महामार्गापलीकडे सरकली. जागेच्या भाववाढीने गिरगाव आणि दादरची कुटुंबे डोंबिवली-बदलापूरकडे कशी गेली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही वेदना परकी वाटू नये. आपल्या आठ दिवसांच्या आनंदासाठी कोणाचे कायमचे बिऱ्हाड उठू नये एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी फार काही करावे लागत नाही: इसार देण्यापूर्वी क्रमांक मागावा, तो पडताळावा, आणि तो मिळत नसेल तर भाडे कितीही कमी असो, ते घर सोडून द्यावे.